कर्करोगाचा प्रसार : खरा आणि कल्पित

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



विद्यार्थ्यांचा गुणगौरव नुकताच आटोपला आहे, मंडळी आनंदात आहेत, आणि अशा वेळी कर्करोगासारख्या विषयावर बोलण्यास कोणी उभे राहावे, हे काहींना अप्रस्तुत वाटेल. परंतु वर्षातून एकदाच आपण सर्व कुटुंबे एका छपराखाली जमतो. ज्या विषयाची घराघरांतून केवळ कुजबुज चालते, तो चार लोकांत मोकळेपणाने मांडण्यास याहून योग्य स्थळ नाही, असे कार्यकारी मंडळास वाटले व त्यांनी ही कामगिरी माझ्यावर सोपविली. मी वैद्य नव्हे. कठीण गोष्ट आधी आपण समजून घ्यावी आणि मग सोप्या शब्दांत सांगावी, ही शिक्षकाची जन्माची सवय. तिच्या आधारावरच मी बोलणार आहे. औषधयोजना सांगण्याचा माझा अधिकार नाही आणि तसा प्रयत्नही मी करणार नाही.

कर्करोगासंबंधी कोणाही गृहस्थास विचारा, तो प्रथम एकच वाक्य बोलतो : “तो पसरतो.” वाक्य खरे आहे. किंबहुना या रोगाचे सारे भय त्या एका क्रियापदात साठलेले आहे. परंतु हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो व त्या दोहोंची गल्लत करतो. रोग्याच्या शरीरात रोग एका अवयवातून दुसऱ्या अवयवात जातो, हा पहिला अर्थ. तो खरा होय. रोग्याच्या स्पर्शाने, त्याच्या ताटवाटीने किंवा डॉक्टरांच्या सुईने रोग पसरतो, हा दुसरा अर्थ. तो कल्पित होय. दुर्दैव असे की, कल्पित प्रसाराच्या भीतीने आपण रोग लपवितो, आणि लपविण्यात जो काळ जातो त्याच काळात खरा प्रसार होतो. आजच्या व्याख्यानाचे सार इतकेच आहे. पुढील विवेचन केवळ त्याच्या स्पष्टीकरणार्थ समजावे.

प्रथम नावाचा विचार करू. कर्क म्हणजे खेकडा. प्राचीन ग्रीक वैद्य हिपोक्रेटिस याच्या परंपरेत या गाठींना खेकड्याचे नाव मिळाले, आणि तेच पुढे लॅटिनमधून ‘कॅन्सर’ या रूपाने जगभर गेले. गाठीपासून चहूकडे गेलेल्या फुगीर शिरा खेकड्याच्या नांग्यांसारख्या दिसतात, असे त्याचे कारण सांगतात. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत ‘अर्बुद’ या नावाने गाठींचे वर्णन आहे. आधीच्या अर्बुदावर दुसरे उद्भवले तर त्यास ‘अध्यर्बुद’, आणि दोन अर्बुदे एकदम किंवा एकामागून एक झाली तर त्यांस ‘द्विरर्बुद’ म्हटले असून, अशी अवस्था असाध्य मानली आहे. एक गाठ वेगळी आणि गाठीमागून गाठ होणे वेगळे, हा भेद आपल्या पूर्वजांच्या नजरेतून सुटला नव्हता. मात्र असे का होते, हे कळण्यास सूक्ष्मदर्शक यंत्राची वाट पाहावी लागली.

आपले शरीर असंख्य पेशींचे बनलेले आहे. १८५८ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्खो याने रोगाचे मूळ पेशींत शोधावे, असा सिद्धांत मांडला. प्रत्येक पेशी आधीच्या पेशीपासूनच जन्मते, हेही त्याने आग्रहाने सांगितले. निरोगी शरीरात पेशी शिस्तीने वागतात. बोट कापले तर जखम भरून येईपर्यंत कातडीच्या पेशी वाढतात आणि काम होताच थांबतात. एका पेशीची दुसरीशी बांधिलकी असते, आपली जागा सोडून कोणी जात नाही, आणि जीर्ण पेशी आपोआप नाश पावते. ही शिस्त ज्या जनुकांत लिहिलेली असते, त्यांत तंबाखू, काही विषाणू, किरण किंवा केवळ वय यांमुळे एकामागून एक बिघाड साचत गेले, म्हणजे एखादी पेशी ‘थांब’ हा हुकूम मानीनाशी होते. ती वाढते, तिची प्रजा वाढते आणि गाठ तयार होते.

येथे थोडे अंकगणित करू. एकाच्या दोन, दोनाच्या चार, अशी दुप्पट होत गेली तर दहाव्या वेळी १,०२४ पेशी होतात, विसाव्या वेळी १०,४८,५७६ आणि तिसाव्या वेळी १,०७,३७,४१,८२४. एक सेंटिमीटर व्यासाच्या, म्हणजे साधारण वाटाण्यापेक्षा थोड्या मोठ्या गाठीत शंभर कोटींच्या आसपास पेशी असतात, असा ठोकळ हिशेब शास्त्रज्ञ देतात. प्रत्यक्षात सर्वच पेशी सारख्या वेगाने वाढत नाहीत व पुष्कळ मरतातही; तरी हिशेबाचा बोध बदलत नाही. हाताला गाठ लागते तेव्हा तिचा तीस दुपटींचा प्रवास झालेला असतो, आणि पुढे केवळ दहा दुपटी झाल्या तर ती किलोभर वजनाची होईल. ज्या दिवशी गाठ कळली त्या दिवशी रोग सुरू झाला, असे आपण समजतो. वास्तविक तो त्याच्या चरित्राचा उत्तरार्ध असतो.

तथापि प्रत्येक गाठ म्हणजे कर्करोग नव्हे. चरबीच्या गाठी किंवा गर्भाशयातील सामान्य गाठी वाढल्या तरी आपल्या कुंपणात राहतात. कुंपण ओलांडणे, हे कर्करोगाचे लक्षण होय. शेतकरी बंधूंना हराळी ठाऊक आहे. वरून उपटली तरी तिच्या कांड्या मातीत दूरवर गेलेल्या असतात, आणि जी कांडी राहील तिला पुन्हा पालवी फुटते. कर्करोगाची गाठही आजूबाजूच्या मांसात अशीच शिरते. हा झाला स्थानिक प्रसार. परंतु याहून भयंकर असा दुसरा प्रकार आहे. गाठीतून सुटलेल्या पेशी दूर प्रवास करून परक्या अवयवात नवी वसाहत करतात. यास वैद्यकात ‘मेटास्टॅसिस’ म्हणतात. फ्रेंच वैद्य रेकामिए याने १८२९ मध्ये हा शब्द या अर्थाने रूढ केला. आपण त्यास रोगाचे स्थलांतर म्हणू. कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंपैकी बहुतेक या स्थलांतरामुळे होतात, मूळ गाठीमुळे नव्हेत.

हा प्रवास सोपा मात्र नसतो. पेशीस प्रथम शेजाऱ्यांशी असलेली बांधिलकी तोडावी लागते. मग अवयवाच्या अस्तराखाली जो चिवट पातळ पडदा असतो तो काही द्रव्यांनी विरघळवून ती पलीकडे जाते. पुढे दोन वाटा असतात. एक लसवाहिन्यांची. पायाला ठेच लागून जखम चिघळली म्हणजे जांघेत अवधाण येते, हे सर्वांस ठाऊक आहे. ते अवधाण म्हणजे सुजलेली लसग्रंथीच होय. पायाकडून येणारा द्रव त्या ग्रंथीत गाळला जातो. त्याचप्रमाणे स्तनातील द्रव बहुतांशी काखेतील ग्रंथींत आणि तोंडातील द्रव मानेतील ग्रंथींत गाळला जातो. म्हणून कर्करोगाच्या पेशीही पुष्कळदा प्रथम तेथेच अडकतात. दुसरी वाट रक्ताची. पेशी बारीक रक्तवाहिनीची भिंत भेदून प्रवाहात पडते, आणि मग सारे शरीर तिला मोकळे होते.

परंतु रक्तप्रवाहात पडलेल्या बहुतेक पेशी मरतात. प्रवाहाचे धक्के आणि शरीराचे रक्षक दल त्यांचा फडशा पाडते. अमेरिकेतील संशोधक आयझाया फिडलर याने १९७० मध्ये उंदरांच्या रक्तात किरणोत्सर्गी खूण केलेल्या कर्कपेशी सोडून त्यांचा माग काढला. तेव्हा एका दिवसानंतर शंभरात एकही पेशी जिवंत उरलेली आढळली नाही. परंतु ज्या अत्यल्प पेशी तगतात त्या निवडक व चिवट असतात. त्या कोठेतरी सूक्ष्म केशवाहिनीत अडकतात, भिंतीतून बाहेर पडतात आणि नव्या जागी मूळ धरू पाहतात. नव्या वसाहतीस अन्न व प्राणवायू हवा. त्यासाठी गाठ आसपासच्या रक्तवाहिन्यांना आपल्याकडे फाटे फोडण्यास भाग पाडते, असे बोस्टनचे शल्यविशारद जुडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडले, व ते पुढे खरे ठरले.

आता प्रश्न असा की, या पेशी कोठेही जातात की काही ठिकाणेच निवडतात? लंडनचे शल्यविशारद स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये स्तनाच्या कर्करोगाने मृत्यू पावलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी तपासल्या. रक्त तर यकृताकडेही जाते आणि पाणथरीकडेही. मग नव्या गाठी यकृतात पुष्कळ आणि पाणथरीत अगदी थोड्या, असे का? त्यांनी उत्तर दिले ते आपल्यासारख्या कृषिप्रधान देशात कोणासही पटावे. झाडाचे बी वाऱ्याबरोबर चोहीकडे जाते. पण रुजते ते मानवणाऱ्या जमिनीतच. पेशी हे बी आणि अवयव ही जमीन. पुढे १९२८ मध्ये अमेरिकन विद्वान जेम्स यूइंग यांनी जमिनीपेक्षा पाण्याचा ओघच महत्त्वाचा, असे प्रतिपादन केले. आज दोन्ही मते आपापल्या ठिकाणी खरी मानतात. मोठ्या आतड्याचे रक्त मोठ्या नीलेतून प्रथम यकृतात जाते, म्हणून आतड्याचा कर्करोग पुष्कळदा यकृतात उतरतो. हा ओघाचा परिणाम. पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग हाडांतच विशेष रुजतो. हा जमिनीचा गुण. स्तनाचा कर्करोग हाडे, फुप्फुसे, यकृत व मेंदू यांकडे, तर तोंडाचा प्रथम मानेच्या ग्रंथींकडे व नंतर फुप्फुसांकडे जातो.

एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. स्तनाचा कर्करोग हाडात गेला म्हणजे तो हाडाचा कर्करोग होत नाही. परगावी गेलेला मनुष्य आपली बोली बरोबर नेतो, तशी ही पेशी आपले मूळ स्वरूप बरोबर नेते. म्हणून डॉक्टर मूळ गाठ कोठे आहे याचा कसून तपास करतात आणि औषध त्या मुळाच्या जातीप्रमाणे देतात. “दुखते पाठीत आणि हे छाती कसली तपासतात?” असे म्हणून रागावणारे नातेवाईक मी पाहिले आहेत. त्यांनी ही गोष्ट समजून घ्यावी.

उपचारास आव्हान मिळते ते याच स्थलांतरामुळे. शस्त्र आणि किरण ही दोन साधने जेथे लक्ष्य दिसते तेथे मारा करतात. बाल्टिमोरचे विख्यात शल्यविशारद विल्यम हॉल्स्टेड यांनी १८९४ मध्ये स्तनाबरोबर छातीचे स्नायू व काखेतील ग्रंथी अशी सर्व काढून टाकण्याची मोठी शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. रोग पायरीपायरीने बाहेर सरकतो, तेव्हा जितके अधिक कापावे तितके सुरक्षित, असा त्यामागील विचार होता. पाऊणशे वर्षे जगभर स्त्रियांनी ते सोसले. पुढे बर्नार्ड फिशर यांनी अमेरिकेत १९७१ पासून सोळाशेंहून अधिक स्त्रियांवर पद्धतशीर तुलना केली. पंचवीस वर्षांच्या निरीक्षणानंतर २००२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तो असा की मोठ्या शस्त्रक्रियेने आयुष्य अधिक वाढत नाही. ज्यांचा रोग उलटला, त्यांच्या पेशी बहुधा शस्त्रक्रियेपूर्वीच दूर गेलेल्या होत्या. सुरी कितीही रुंद चालविली तरी गेलेल्या पाहुण्याला ती गाठू शकत नाही.

हीच गोष्ट आपल्या मुंबईतील टाटा स्मारक रुग्णालयाने दुसऱ्या बाजूने दाखविली. परळ येथील हे रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले आणि आज देशभरातील रोग्यांचा ते आधार आहे. ज्या स्त्रियांचा रोग आरंभीच दूरच्या अवयवांत गेलेला आढळला, अशा ३५० स्त्रियांचा तेथे अभ्यास झाला. निम्म्यांची मूळ गाठ काढली, निम्म्यांची काढली नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणे दोन्ही गटांच्या आयुर्मर्यादेत फरक पडला नाही. “गाठ काढून टाका म्हणजे सुटलो,” हे वाक्य लवकर आलेल्या रोग्याच्या बाबतीत खरे असते आणि उशिरा आलेल्याच्या बाबतीत खोटे ठरते.

मग औषधे? रक्तातून सर्वत्र पोहोचणारी रसायने दूरच्या पेशींनाही गाठतात, हे त्यांचे बळ. परंतु त्यांच्या मार्गात चार अडचणी आहेत. पहिली, कर्कपेशी परक्या नसून आपल्याच आहेत. त्यामुळे त्यांना मारणारे औषध केसांच्या मुळांना, अस्थिमज्जेला व आतड्याच्या अस्तरालाही थोडेबहुत मारते, आणि मात्रा हवी तितकी वाढविता येत नाही. दुसरी, कोट्यवधी पेशींत सर्व सारख्या नसतात. फवारणीत बहुसंख्य कीड मरते, पण ज्या थोड्या किड्यांस औषध बाधत नाही त्यांची प्रजा पुढे माजते. तसेच येथेही होते. तिसरी अडचण मेंदूची. त्याच्या रक्तवाहिन्यांची भिंत इतकी काटेकोर असते की, पुष्कळ औषधे आत जाऊच शकत नाहीत. चौथी सर्वांत फसवी. काही पेशी नव्या जागी जाऊन वर्षानुवर्षे निद्रिस्त राहतात. बहुतेक औषधे वाढणाऱ्या पेशीवर चालतात. झोपलेली त्यांना सापडत नाही. उन्हाळाभर मातीत पडलेले बी मृगाच्या पावसाने उगवावे, तशी ती दहा-पंधरा वर्षांनीही जागी होऊ शकते. यास्तव डॉक्टर बरे झालेल्या रोग्यासही तपासणीस बोलावतात. ते बोलावणे टाळू नये.

हे ऐकून निराश होण्याचे मात्र कारण नाही. प्रसार कसा होतो हे कळल्यामुळेच उपचार सुधारले. दृष्टीस न पडणाऱ्या पेशी आधीच निघून गेल्या असतील असे गृहीत धरून, शस्त्रक्रियेनंतर लगेच औषधे द्यावीत, असा विचार पुढे आला. मिलानचे डॉक्टर जानी बोनाडोना यांनी १९७६ मध्ये स्तनाच्या कर्करोगात त्याचा लाभ दाखवून दिला. वृषणाचा कर्करोग फुप्फुसापर्यंत गेला तरी तो बरा होऊ शकतो, हे १९७० नंतरच्या दशकात सिसप्लॅटिन या औषधाने सिद्ध झाले. शरीराच्या रक्षक पेशींना घातलेला लगाम सोडविण्याचा मार्ग शोधल्याबद्दल जेम्स अ‍ॅलिसन व तासुकु होन्जो यांस २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

मुंबईतील दोन प्रयोग तर आपण अभिमानाने सांगावे असे आहेत. आपल्या प्रांतात तंबाखूमुळे तोंडाचे कर्करोग पुष्कळ. मानेत गाठ हाताला लागत नसतानाही तेथील ग्रंथी तोंडाच्या शस्त्रक्रियेबरोबरच काढाव्यात की वाट पाहावी, हा जुना वाद होता. टाटा रुग्णालयाने २०१५ मध्ये प्रसिद्ध केले की, आधीच ग्रंथी काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी शेकडा ८० जिवंत होते, वाट पाहिलेल्यांपैकी शेकडा ६७.५. म्हणजे कित्येकांच्या मानेत रोग गुप्तपणे पोहोचलेला होता. दुसरा प्रयोग २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. स्तनातील गाठ काढण्यापूर्वी काही मिनिटे तिच्याभोवती जागा बधिर करण्याचे नेहमीचे, अल्पमोली औषध टोचले, तर रोग दूर जाण्याचे प्रमाण घटते का, हे १,६०० स्त्रियांवर पाहिले गेले. पाच वर्षांनी औषध टोचलेल्यांपैकी शेकडा ९०.१ आणि न टोचलेल्यांपैकी ८६.४ हयात होत्या. फरक लहान दिसतो. पण शंभर घरांपैकी तीन-चार घरांची माउली त्यामुळे वाचते.

आता कल्पित प्रसाराकडे वळू. कर्करोग स्पर्शजन्य नाही. रोग्याच्या ताटात जेवल्याने, त्याच्या अंथरुणावर बसल्याने, त्याची सेवा केल्याने तो होत नाही. काही विषाणू मात्र एकाकडून दुसऱ्याकडे जातात आणि कालांतराने कर्करोगास कारण होतात, हे खरे आहे. गर्भाशयाच्या मुखाचा रोग एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे आणि यकृताचा काही वेळा काविळीच्या ‘बी’ विषाणूमुळे होतो. त्यांवर लसी आहेत. पुण्याच्या सीरम संस्थेने तयार केलेल्या एचपीव्ही लशीस २०२२ मध्ये मान्यता मिळाली. नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींना ही लस देण्याविषयी आपल्या डॉक्टरांस अवश्य विचारावे. परंतु लस टोचण्याचे सोडून रोग्याचे पेले वेगळे ठेवणे, हा निव्वळ अविचार होय.

“सुई लावली की गाठ खवळते,” हा दुसरा समज. गाठीचा तुकडा तपासल्यावाचून रोगाची जात कळत नाही, आणि जात कळल्यावाचून योग्य उपचार होत नाही. काही थोड्या अवयवांत सुईच्या वाटेने पेशी मागे राहण्याचा अत्यल्प संभव असतो. डॉक्टर तो जाणूनच वाट ठरवितात. मग हा समज रूढ कसा झाला? आपल्याकडे पुष्कळ रोगी उशिरा येतात. रोग आधीच पसरलेला असतो, सुई लागते, महिन्याभरात प्रकृती खालावते आणि दोष सुईच्या माथी बसतो. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते, दुसरे काय!

या दोन समजांच्या मागे एक तिसरी गोष्ट उभी आहे, आणि ती बोलण्यासाठीच मी ही संधी घेतली. ती म्हणजे लौकिकाची भीती. माझ्या परिचयाच्या एका घरातील माउलीस मार्गशीर्षात स्तनात गाठ लागली. मुलीचे लग्न वैशाखात ठरले होते. बोभाटा झाला तर सोयरीक मोडेल, म्हणून तिने कोणास सांगितले नाही. लग्न थाटात झाले. नंतर अधिक महिना, मग पाहुणेरावळे, मग सणवार. श्रावणात पाठीचा कणा दुखू लागला तेव्हा कोठे सांगितले. रोग काखेतून कण्यापर्यंत गेला होता. दोन वर्षे पुरी होण्यापूर्वीच ती गेली. पुढे मुलीचे सासरे मला म्हणाले, “मास्तर, आम्हांला मार्गशीर्षात कळले असते तर लग्न पुढे ढकलून आम्हीच विहीणबाईंना मुंबईस नेले असते.” त्या घरच्या लोकांनी कोणतीच वाईट गोष्ट केली नाही. व्याही सज्जन, माउली त्यागी. तरी ती गेली, कारण दोन सज्जन घरांत बोलण्याची रीत नव्हती.

बंधुभगिनींनो, ही रीत घालणे आपल्या हाती आहे. स्तनाच्या कर्करोगांपैकी शेकडा पाच ते दहाच आनुवंशिक असतात. घरात जवळच्या अनेक नातलगांस तो झाला असेल तर डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा; पण केवळ एका आजारावरून मुलीचे स्थळ नाकारणे शास्त्रालाही धरून नाही आणि माणुसकीलाही धरून नाही. तेव्हा पुढील सूचना मंडळापुढे ठेवतो.

पहिली : आपल्या वधूवर सूचक विभागाने आईवडिलांच्या आजारावरून स्थळ न नाकारण्याचे आवाहन दर मेळाव्यात करावे. दुसरी : बाहेरगावच्या रोग्यास मुंबईत उतरण्याची व रुग्णालयात सोबत जाण्याची अडचण पडते, यासाठी मुंबईतील सभासदांची यादी तयार असावी, आणि महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेसारख्या शासकीय साहाय्याची कागदपत्रे करून देणारा एक माहीतगार कार्यकर्ता नेमावा. तिसरी : संमेलनाच्या आदल्या दिवशी भगिनींसाठी तपासणी व्हावी. पूर्वीच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातील खेड्यांत १९९९ पासून सव्वा लाखांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास झाला. बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाचा त्यात सहभाग होता. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. खेड्यातील शेतकरी बायकांनी जे केले ते आपल्या भगिनींनाही करता येईल. चौथी : आपल्या समारंभातील तबकात तंबाखू व सुपारी असू नये, आणि पहाटे मशेरी लावण्याची सवय घरच्या वडीलधाऱ्या स्त्रियांना प्रेमाने सोडवावी.

लक्षणे थोडक्यात सांगतो. तोंडात तीन आठवड्यांत न भरणारा व्रण किंवा पांढरा-लाल चट्टा, तोंड उघडण्यास होणारा त्रास, स्तनात, मानेत वा काखेत न दुखणारी गाठ, पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्तस्राव, शौचातून रक्त, आवाज बसून न सुटणे, कारणावाचून वजन घटणे. यांपैकी काहीही असले म्हणजे कर्करोगच असे नव्हे. पुष्कळदा तो नसतोच. पण डॉक्टरकडे जाण्यास मुहूर्त पाहू नये. न दुखणाऱ्या गाठीविषयी अधिक सावध असावे, कारण दुखत नाही म्हणूनच आपण ती उद्यावर टाकतो.

ज्यांच्या घरी रोग पसरलेल्या अवस्थेत आहे, त्यांस दोन शब्द. अशा रोग्यास “आता काही उरले नाही” असे म्हणून कोपऱ्यात टाकू नये, आणि खात्रीच्या जडीबुटीची जाहिरात करणाऱ्याच्या दारी जमीन विकून धावू नये. पसरलेला रोगही पुष्कळदा औषधांनी वर्षानुवर्षे आटोक्यात राहतो. तसे न झाले, तरी तोंडाने घेण्याच्या मॉर्फिनसारख्या औषधांनी वेदना शमविता येतात, आणि ते देणारे तज्ज्ञ मोठ्या रुग्णालयांत असतात. रोग्यास खरे काय ते सौम्य शब्दांत सांगावे. त्याला बहुधा ठाऊक असतेच. एकट्याने ते जाणण्याचे दुःख तेवढे कमी होते.

खरा प्रसार थोपविण्यास शास्त्रज्ञ झटत आहेत. कल्पित प्रसार थोपविण्यास शास्त्रज्ञ लागत नाहीत. आपण पुरेसे आहोत. संमेलन संपवून घरी गेल्यावर प्रत्येकाने आपल्या आईस, पत्नीस, बहिणीस, वडिलांस एकदा विचारावे, “काही अंगावर काढीत नाही ना?” आणि उत्तर ‘हो’ आले तर रागावू नये, सोबत जावे.